टिल्लूसाहेबांचा समुद्र

आमच्या डोक्यावर समुद्र होता. वरच्या क्वार्टरच्या बाल्कनीत, लोणच्याच्या काचेच्या पाच बरण्यांमध्ये. प्रत्येक बरणीच्या तोंडावर एक काडी आडवी ठेवलेली आणि त्या काडीला दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडलेली एकेक वस्तू. एकीत स्लीपरचा निळा पट्टा, दुसरीत वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा, तिसरीत टूथब्रश, चौथीत बाटलीचं झाकण आणि पाचवीत दुधाच्या पिशवीची चौकोनी कापलेली पट्टी.

कारखान्याच्या नागपूर ऑफिसातून ह्यांची भोपाळला बदली झाली आणि दोन वर्षांनी टाउनशिपमध्ये आम्हाला खालचं क्वार्टर मिळालं. गच्चीची वाट वरच्या क्वार्टरच्या दारावरून जायची. पहिल्याच दिवशी कपडे वाळत घालून उतरताना मला उघड्या दारातून त्या बरण्या दिसल्या. माझ्या मनात भलतंच आलं. दोऱ्याला टांगलेली चप्पल म्हणजे करणीबिरणी तर नाही? मी दारातच थबकले, तर आतून एक गृहस्थ हातात चिमटा घेऊन बाहेर आले. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"वहिनी, लांबूनच बघा हं," ते म्हणाले. "तो अरबी समुद्र आहे. आणि उजवीकडची ती बरणी पुरीची. बंगालचा उपसागर."

हे माधव टिल्लू. कारखान्याच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेली. मूळचे उज्जैनचे. आता आमच्याकडे, म्हणजे भोपाळकडे, घरात पाणी चढवायच्या छोट्या मोटरीलाही टिल्लूच म्हणतात. त्यामुळे ह्या माणसाचा अर्धा जन्म 'मी पंप नाही' हे सांगण्यात गेला. दारावर 'टिल्लू' अशी पाटी, आणि नोकरी पाण्याची. उन्हाळ्यात नळाचा जोर कमी झाला की लोक हक्कानं दार वाजवायचे. "साहब, हमारे यहाँ भी एक टिल्लू लगवा दीजिए." टिल्लूसाहेब शांतपणे म्हणत, "भई, बनवणाऱ्यानं एकच बनवला. तो इथे लागलाय."

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "नमुना बघू." हे वाक्य ते कुठंही म्हणत. कुणी सांगितलं की पिपलानीच्या बाजारात आंबा चांगला आलाय, तर "नमुना बघू." कुणाच्या मुलीला स्थळ आलं तरी "नमुना बघू." आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा मी पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी तो उचलून खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला, आणि तब्बल अर्धा मिनिट पेल्यातून माझ्या पडद्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे." मला बोर्डाच्या परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. मराठी मंडळाच्या गणपतीत तर त्यांच्या हातावर तीर्थ घालायच्या आधी गुरुजी स्वतः पळीत डोकावून बघायचे.

बायको जाऊन चार वर्षं झालेली. एकुलती मुलगी केतकी कोकणात, एका खाडीकाठच्या संशोधन केंद्रात. ती तिथं काय करते हे कुणीही विचारलं तरी टिल्लूसाहेब खुर्ची पुढं ओढायचे.

"वहिनी, समुद्रात प्लास्टिकची पिशवी पडली की काय होतं?"

"तरंगते," मी म्हणाले. मी टाउनशिपच्या शाळेत हिंदी शिकवत होते. माझं विज्ञान तिथंच संपत होतं.

"बिलकुल नाही. तिचं अलॉटमेंट होतं."

"काय होतं?"

"क्वार्टर अलॉटमेंट! पाण्यात हिंडणारे जिवाणू असतात ना, त्यांना घर नसतं. त्यांना ही पिशवी म्हणजे आयती टाउनशिप. काही तासांतच पहिले येऊन चिकटतात. ते चिकट काहीतरी सोडतात, म्हणजे समजा फरशी घालतात. मग त्या फरशीवर दुसरे येतात, तिसरे येतात. चार-आठ दिवसांत पिशवीवर साय धरते. हात लावला की बुळबुळीत. दुधावरची साय वरवर असते, ही जिवंत असते."

"मग राहू देत की बिचारे," हे म्हणाले. ह्यांना क्वार्टरसाठी दोन वर्षं थांबावं लागलं होतं, त्यामुळे त्यांची सहानुभूती जिवाणूंना.

"राहू देत कसं? लाकूड कुजतं, पान कुजतं. प्लास्टिक कुजत नाही, म्हणून ही टाउनशिप हलते. आज खाडीत, उद्या शंभर कोसावर. गटाराच्या तोंडाशी चिकटलेला रोगाचा जंतू तिच्यावर बसून फुकट प्रवास करतो. वर त्या सायीला वास येतो खाण्यासारखा. मासे फसतात, गिळतात. केतकी मच्छीमारांच्या होडीतून जाते, जाळ्यात अडकलेलं प्लास्टिक उचलते आणि कोण कोण राहायला आलंय त्याची मोजणी करते."

"पण म्हणतात ना, प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडलेत?" हे म्हणाले. ह्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

टिल्लूसाहेबांनी ह्यांच्याकडे कनवाळूपणे पाहिलं. "कुरतडतात हो. पण आपण रोज किती टाकतो ते बघा. त्यांच्या भरवशावर बसलो तर झालं कल्याण."

तर मुलगी जे खाडीवर करत होती त्याची छोटी आवृत्ती बाप बाल्कनीत करत होता. दर दोन दिवसांनी चिमट्यानं पट्टी उचलायची, सायीचा ठिपका काचेवर घ्यायचा, बंद पडलेल्या एका शाळेतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि दिसेल ते रजिस्टरमध्ये लिहायचं. अक्षर असं की छापल्यासारखं. मी एकदा रजिस्टर उलटून पाहिलं. एकही खाडाखोड नव्हती. "लॅबमध्ये तीस वर्षांत माझी एक नोंद चुकलेली नाही," ते म्हणाले. त्यात बढाई नव्हती. रक्तगट सांगावा तसं सांगितलं.

पण समुद्र शिळा होतो. त्याला ताजं पाणी लागतं. ते कोण आणणार? टाउनशिपमधून जो कुणी द्वारकेला, पुरीला, मुंबईला, गोव्याला निघे त्याच्या घरी आदल्या दिवशी टिल्लूसाहेब काचेची बाटली घेऊन हजर. सोबत एक चिठ्ठी: गुडघाभर पाण्यात जावे. किनाऱ्याकडे पाठ करावी. बाटली पाण्याखाली उघडावी, पाण्याखालीच बंद करावी. लोक देवाचा प्रसाद मागतात, हा माणूस देवाच्या दारचं खारं पाणी मागायचा.

आमच्यावर ती पाळी भाच्याच्या मुंजीच्या वेळी आली. मुंज हर्णैजवळ. मी नऊवारी खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहून बाटली भरत्येय आणि किनाऱ्यावर सगळी सासरची माणसं हसताहेत, असा एक फोटो अजून आमच्या नातेवाइकांत फिरतो. परत येताना गाडीत समोर इटारसीच्या एक आजी होत्या. माझ्या मांडीवरची, फडक्यात गुंडाळलेली, मी जिवापलीकडे जपलेली बाटली बघून त्यांनी हात जोडले. "बेटी, गंगाजी का है?" मी नाही म्हणायच्या आत ह्यांनी मान डोलावली. हे अर्धे झोपेत होते, मानेचा तो झोका होता. आजींनी ओंजळ पुढं केली. आता एवढ्या वयस्कर बाईला काय नाही म्हणायचं? मी चार थेंब दिले. त्यांनी ते डोळ्यांना लावले, डोक्यावर घेतले आणि उरलेले जिभेवर. क्षणभर त्यांचा चेहरा आक्रसला. मग त्या भक्तिभावानं म्हणाल्या, "बहुत दूर का जल है."

टिल्लूसाहेबांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. "किती थेंब?" त्यांनी विचारलं. "आणि बाटली किती वेळ उघडी होती?"

पावसाळ्यात मलेरियावाले यायचे. टाउनशिपच्या आरोग्य विभागाची माणसं, कूलर आणि कुंड्या तपासणारी. एकदा त्यांच्यातला एकजण टॉर्च मारत बाल्कनीत शिरला.

"साहब, ये खुला पानी है. फेंकना पड़ेगा."

"ये पानी नहीं है भई, समंदर है."

"समंदर हो या नाला, लार्वा तो लार्वा है."

"पहले नमूना देखो," टिल्लूसाहेब म्हणाले आणि त्या माणसाला त्यांनी सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. तो अर्धा तास उठला नाही. त्याचा जोडीदार खालून हाका मारतोय, आणि हा वर "अरे, ये तो चल रहा है! साहब, ये हरा वाला कौन है?" शेवटी जाताना त्यानं नियमाप्रमाणे दाराशेजारी खडूनं शेरा मारला. समंदर ५, लार्वा शून्य. तो शेरा टिल्लूसाहेबांनी दिवाळीच्या रंगरंगोटीतही पुसू दिला नाही.

असं सगळं गमतीत चाललं होतं. मग एका रविवारी मला एक गोष्ट कळली, आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं असं पुढं काही दिवस वाटत राहिलं.

मी सकाळी पातोळ्या द्यायला वर गेले. टिल्लूसाहेबांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. पलीकडून केतकी बोलत होती. बोलत कसली, तावातावानं शिकवत होती.

"बाबा, काय केलंत? उडालेल्या पाण्याच्या जागी परत समुद्राचंच पाणी ओतलंत?"

"हो. कमी झालं होतं म्हणून."

"अहो, उडतं ते पाणी! मीठ तिथंच राहतं ना? त्यात आणखी खारं ओतलंत. आता ते समुद्रापेक्षा खारट झालं. तिथले जिवाणू सगळे बदलणार. डिस्टिल्ड वॉटर घालायला नको होतं का?"

"असं होय," टिल्लूसाहेब नम्रपणे म्हणाले. "बरं, मग आता काय करू?"

आणि केतकी सांगू लागली. सगळं पहिल्यापासून. टिल्लूसाहेब टेबलावर कोपर टेकून, उजवा कान फोनकडे करून, डोळे मिटून ऐकत होते. मी पातोळ्यांचा डबा धरून उभी. कारण मी त्याच आठवड्यात त्यांना बरण्यांमध्ये पाणी घालताना पाहिलं होतं. पिपलानीतल्या बॅटरीवाल्याकडून आणलेला डिस्टिल्ड पाण्याचा डबा अजून बाल्कनीच्या कोपऱ्यात होता.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "टिल्लूसाहेब, तुम्ही तर तेच पाणी घातलं होतं."

शाळेत मी कॉपी करणारी मुलं पुष्कळ पकडलीत. तसा चेहरा त्यांचा झाला. खुर्ची माझ्याकडे सरकवून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"वहिनी, शालिनी होती तेव्हा फोन तिचा असायचा. मायलेकी तासभर बोलायच्या. शेवटी ती मला द्यायची, 'घ्या, बोला.' मी विचारायचो, 'पाणी ठीक आहे ना तिकडे?' केतकी म्हणायची, 'हो बाबा.' झालं. शालिनी गेल्यावर फोन माझ्याकडेच आला. पण बोलायचं काय? 'जेवलात?' 'जेवलो.' 'औषध घेतलं?' 'घेतलं.' एक मिनिट व्हायचं नाही. मग मी एकदा असंच बोलून गेलो की समुद्रात एवढं मीठ आहे तर जंतू जगतात कसे, लोणचं तर टिकतं. ती अशी हसली! आणि अर्धा तास मला समजावत होती. मग मी बरण्या मांडल्या."

"आणि चुका?"

"बरोबर केलं की ती 'छान' म्हणून ठेवते. चुकलं की बोलते." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सोपं नाही हो. चूक विचार करून काढावी लागते. अगदीच बाळबोध काढली तर तिला शंका येते. शनिवारचा सगळा दिवस त्यात जातो. पण तुम्ही हे तिला सांगू नका. शब्द द्या."

मी दिला. आणि हसत खाली उतरले. उतरेपर्यंतच हसत होते. संध्याकाळी ह्यांना सांगताना मला काही नीट सांगता येईना.

दोन महिन्यांनी केतकी अचानक भोपाळला आली. उन्हानं रापलेली, केस वर बांधलेले, वडिलांसारखीच बारीक. दुसऱ्या दिवशी बाप कारखान्यात गेल्यावर ती खाली माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि एकदम म्हणाली, "काकू, मला खरं सांगा. बाबांना विसरायला होतंय का?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"तुम्ही रोज बघता त्यांना. गॅस चालू राहतो का? वाट चुकतात का? फोनवर दर आठवड्याला काहीतरी चुकीचं केलेलं असतं. आधी वाटलं, विषय नवा आहे त्यांना. पण मागं ते पाणी उडाल्यावर मीठ राहतं हे विसरले. बाबा! बॉयलरच्या पाण्यात क्षार किती साठले हे बघण्यात ज्यांचा जन्म गेला ते! मी त्या दिवशी फोन ठेवला आणि रडले. मी सगळ्या चुकांची यादी करून डॉक्टरांना दाखवलीय. ते म्हणाले, लवकर तपासा."

आता मी काय करायचं? एकीकडे शब्द, दुसरीकडे ही समोर बसलेली पोर. मी म्हणाले, "अगं, तसं काही नाही. तू त्यांच्याशी नीट बोल." तिला वाटलं मी धीर देतेय. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "उद्या तुम्ही याल ना सोबत? मी त्यांना कान दाखवायचा म्हणून सांगितलंय."

एमपी नगरातल्या त्या दवाखान्याच्या पाटीवर मेंदू, मज्जा वगैरे सगळं ठळक लिहिलं होतं. टिल्लूसाहेबांनी पाटी वाचली, लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुकाट्यानं आत जाऊन बसले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी वार विचारला. टिल्लूसाहेबांनी वार, तारीख आणि तिथी सांगितली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. टिल्लूसाहेब दोनवर येऊन थांबले आणि म्हणाले, "आगे माइनस में जाऊँ?" डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, आम, ताला, घोड़ा, आणि दहा मिनिटं इकडचं तिकडचं विचारून परत ते मागितले.

"आम, ताला, घोड़ा," टिल्लूसाहेब म्हणाले. "और डॉक्टर साहब, बाहर जो पानी की मशीन लगी है, उसके फिल्टर की तारीख पिछले साल निकल चुकी है. मरीज़ पी रहे हैं."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "बेटा, इनकी याददाश्त मुझसे अच्छी है. घर ले जाइए."

बाहेर आलो. थांबवून ठेवलेला रिक्षावाला समोरच्या टपरीवर चहा पीत होता. केतकीचा चेहरा उजळायला हवा होता, पण ती फाइल छातीशी धरून तशीच उभी राहिली. "मग ते पाणी, बाबा? आणि पट्टी नळाखाली धुतलीत ते? आणि दोन बरण्यांचे दोरे अदलाबदल झाले ते?"

टिल्लूसाहेब माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, आता काय करू?"

"सांगा," मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं. रस्त्यावर उभं राहून, मान खाली घालून, एखाद्या कारकुनानं साहेबापुढं द्यावा तसा जबाब दिला. डिस्टिल्ड पाणी घातलं होतं. पट्टी धुतली नव्हती. दोरे जागच्या जागी होते. 

केतकीचा आवाज चढला. "तुम्ही मला खोटी निरीक्षणं दिलीत? वर्षभर? मी लिहून ठेवत होते ती! मला वाटलं तुम्ही मला ओळखेनासे होणार. मी रजा कशी मागायची, तुम्हाला तिकडे कसं न्यायचं, एकटी मी काय काय करत होते बाबा!"

रिक्षावाल्यानं अर्धा चहा टाकून दिला आणि सीटवर जाऊन बसला. टिल्लूसाहेब म्हणाले, "चुकलं माझं." आणि थोड्या वेळानं, "ही चूक खरी."

परतताना रिक्षात मी मध्ये, दोघं दोन बाजूंना. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि न राहवून अस्सल भोपाळी थाटात विचारलं, "को खां, सब खैरियत? रिपोर्ट ख़राब आई क्या?" "नहीं भाई, अच्छी आई," मी म्हणाले. त्याला काही ते पटलं नाही. गोविंदपुऱ्याचं वळण येईपर्यंत तो हळूहळू, खड्डे चुकवत चालवत राहिला.

त्या दिवशी दुपारी केतकीनं मला वर बोलावलं. टिल्लूसाहेब कारखान्यात गेले होते, अर्ध्या दिवसाची रजा संपवून. ती जमिनीवर बसली होती, पुढ्यात ते रजिस्टर उघडलेलं.

"काकू, हे खरं आहे सगळं," ती म्हणाली. "अगदी खरं. साय कधी धरली, कधी दाट झाली, कडक उन्हाळ्यात काय झालं. आमच्याकडची मुलं इतकं नीट लिहीत नाहीत. आणि हे बघा."

पानाच्या उजव्या कडेला एक बारीक रकाना आखला होता. वर शीर्षक नव्हतं. फक्त रविवारच्या ओळीपुढं एकेक आकडा. पहिल्या पानांवर, बरण्या मांडायच्या आधीच्या नुसत्या रविवारांपुढं, १ मि., १ मि., २ मि., १ मि. मग एकदम ३१ मि. मग १८, २४, २२. कुठं एखादा ४. आणि दोन महिन्यांपूर्वीच्या त्या पाण्याच्या रविवारपुढं ४७ मि., तेवढ्याच स्वच्छ अक्षरात.

"हे फोनचे आहेत," ती म्हणाली. तिनं बोटानं तो रकाना वरून खाली हळूहळू चाचपला. "मला वाटायचं त्यांना माझ्याशी बोलायला आवडत नाही. आई होती तेव्हा पण पेपर वाचत बसायचे. म्हणून मी फोन पटकन ठेवायचे, उगाच कशाला त्यांना अडकवायचं. मग चुका व्हायला लागल्या आणि मी रविवारी होडी घेणं बंद केलं. सगळे जायचे, मी खोलीवर थांबायचे. म्हणजे मलाही काकू..." मी उठून चहा टाकला.

दोन दिवसांनी ती गेली. बापलेकीचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. फारसं झालं नसावं. स्टेशनवर पोचवून आल्यावर टिल्लूसाहेब दारात भेटले तेव्हा मी विचारलं, "गेली नीट?" तर म्हणाले, "जागा खिडकीची मिळाली." त्यात रागलोभ काही कळेना.

पुढचा रविवार मी मुद्दाम लक्षात ठेवला होता असं नाही, पण धुणं जरा उशिरा वर नेलं हे खरं. गच्चीवर जाताना त्यांचं दार नेहमीसारखं उघडं होतं. फोन टेबलावर. टिल्लूसाहेब समोर हात बांधून बसलेले.

"बाबा?" पलीकडून आवाज आला.

"हं."

"या आठवड्यात काय केलंत?"

"सगळं बरोबर केलं," ते म्हणाले. "काही चुकलं नाही."

मी पायरीवर, बादली हातात. वाटलं आता ती 'छान' म्हणेल आणि ठेवेल. खाली रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली, तिचा आवाजही लांब गेला.

"बाबा, एक विचारू?" केतकी म्हणाली. "आई गेली त्या दिवशी सकाळी काय झालं होतं? तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं आटपलेलं होतं."

मी झटकन वर गेले. पण गच्चीचं दार लागत नाही, आणि ते मोठ्यानं बोलायचे.

"सकाळी ती उठली नेहमीसारखी," ते सांगत होते. "पोहे भिजवले. मला म्हणाली, केतकीला थंडीचं काहीतरी पाठवायला हवं, तिकडे मिळत नाही. मी म्हटलं, समुद्राकाठी कसली थंडी? ती म्हणाली, तुम्हाला काय कळतंय..." इथं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "तू आलीस तेव्हा रडली नाहीस. मग मी पण नाही. मला वाटलं, मी रडलो तर तुझं काय होईल."

"मलाही तेच वाटलं होतं, बाबा."

कपडे वाळत घालून झाले. खाली जायची वाट त्यांच्या दारावरूनच. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पालथ्या बादलीवर बसून राहिले. ते पोह्यांचं सांगत होते, दवाखान्याचं सांगत होते, शालिनीबाईंनी अर्धवट विणून ठेवलेल्या स्वेटरचं सांगत होते. मध्येच ती काही विचारायची, मध्येच दोघं हसायचे. सावली सरकली. माझ्या पायांवर ऊन आलं.

खाली अंगणात येऊन हे वर बघायला लागले. "अगं, जेवायचं आहे की नाही आज? किती वेळ?"

मी कठड्यावरून वाकले आणि ओठांवर बोट ठेवून त्यांना हातानंच सांगितलं, थांबा. अजून बोलताहेत.